पट्टीवरचे दोन मिलिमीटर

अंगणवाडीत वजनाच्या दिवशी आधी काटा टांगतात, मग त्याला रिकामी झोळी. सेविकाताई स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणतात आणि मगच बाळाला झोळीत घालतात. हे शून्य करायचं राहिलं, तर प्रत्येक मूल झोळीच्या वजनाइतकं जास्त भरतं. दहादा मोजलं तरी आकडा तोच येतो आणि दहाही वेळा चुकतो.

बाळ पाय झाडतं, काटा थरथरतो. तबकडीवर शंभर-शंभर ग्रॅमच्या रेघा आहेत, पण बाहेर रांग लागलेली असते आणि वहीत ‘साडेआठ’ पडतं. वजन हे संतत चल. दोन रेघांच्या मधेही ते कुठेही असू शकतं. नीट वाचलेलं 8.5 म्हणजे 8.45 ते 8.55 यांमधलं काहीतरी. पण ज्या वहीत सगळी वजनं पूर्ण किंवा अर्ध्या किलोवरच थांबतात, तिथलं 8.5 हे 8.25 ते 8.75 पर्यंत कुठलंही असेल. दुसऱ्या वर्षात बाळ महिन्याला साधारण दोनशे ग्रॅमनं वाढतं. अशा वहीत ते दोन महिने जागेवरच दिसतं, तिसऱ्या महिन्यात उडी मारतं. मग आजारपणानं खरोखर वाढ खुंटलेलं मूल ओळखायचं कसं? म्हणूनच वही हातात आली की मी दशांशचिन्हानंतरचे अंक वरपासून खालपर्यंत वाचते.

उंचीचंही तसंच. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं मोजायचं. उभं मोजलं असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांप्रमाणे 0.7 सेंटिमीटर मिळवायचे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती दंडघेराच्या पट्टीची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, तिथून 12.5 च्या आतपर्यंत पिवळा, पुढे हिरवा. रंगांना क्रम आहे, पण त्यांच्यातलं अंतर मोजता येत नाही. 11.4 चं मूल लाल आणि 11.6 चं पिवळं. फरक दोन मिलिमीटरचा. उलट 11.6 आणि 12.4 ही दोन्ही मुलं पिवळी, त्यांच्यात आठ मिलिमीटर. नुसता ‘पिवळा’ लिहिला, तर पुढच्या महिन्यात 12.4 वरून 11.6 वर घसरलेलं मूलही पिवळंच राहतं आणि कागदावर काहीच घडलेलं नसतं. आकड्यावरून रंग कधीही काढता येतो. रंगावरून आकडा परत मिळत नाही. रंग आईला समजावायला उत्तम आहे. वहीत मात्र सेंटिमीटरच हवेत, दशांशासकट.

आणि ते दोन मिलिमीटर पट्टी किती ओढली यावरही ठरतात. डावा हात सैल सोडलेला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर खूण, पट्टी त्वचेला टेकलेली पण न रुतलेली. माप 11.5 च्या आसपास आलं, तर पट्टी काढून पुन्हा लावावी, आणि जमलं तर दुसऱ्या कुणाकडून.