अशोकाची साल, तक्रारवही आणि संगणक

नागपूर-इटारसी लोहमार्गावरील कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत अशोकारिष्ट करणारी एखादी मध्यम फार्मसी आहे, अशी कल्पना करू. भांडारात अशोकाच्या सालीची पोती उतरली आहेत. खरा अशोक म्हणजे सराका असोका. रस्त्याच्या कडेने रांगेत लावतात आणि ज्याला आपण सर्रास ‘अशोक’ म्हणतो, तो पॉलिअल्थिया लाँगिफोलिया. त्याची साल खऱ्या अशोकाच्या नावाने विकली जाते, हे वैद्यवर्गास नवे नाही. भांडारपालाने डोळ्यांनी पाहून ‘योग्य’ अशी खूण केली. काही महिन्यांनी एका वैद्यांनी कळविले की, रक्तप्रदराच्या रुग्णांस या बॅचचा गुण येत नाही. तक्रारीची नोंद झाली. परंतु तक्रारवही कार्यालयात, मालाची वही भांडारात आणि बॅचचे कागद निर्मिती विभागात! तिन्हींची गाठ पडली नाही, आणि त्याच पोत्यांतून पुढची बॅचही निघाली.

येथे गुण आला नाही, एवढ्यावर निभावले. बेल्जियममध्ये तसे झाले नाही. ब्रुसेल्समधील वजन घटविण्याच्या एका उपचारकेंद्रात स्टेफानिया टेट्रान्ड्राच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची ही विषारी वनस्पती दिली गेली. दोघींची चिनी नावे जवळजवळ सारखी आहेत. 1993 साली ‘लॅन्सेट’मध्ये हा प्रकार प्रसिद्ध झाला. पुढे शंभराहून अधिक रुग्णांच्या मूत्रपिंडांस इजा झाल्याचे आढळले.

आपल्याकडे 2000 साली अनुसूची ‘टी’ लागू झाली. कच्चा माल, बॅच, वितरण यांच्या नोंदी तिने आवश्यक केल्या. बाजारातील तक्रारींची नोंदवही ठेवून दर सहा महिन्यांनी ती माहिती परवाना अधिकाऱ्यास पाठवावी आणि दुष्परिणामांची वही निराळी ठेवावी, असेही तिच्यात आहे. म्हणजे वह्यांची उणीव नाही. उणीव आहे ती एका वहीने दुसरीस प्रश्न विचारण्याची.

जोखीम-व्यवस्थापन हा शब्द नवा असला तरी विचार नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात द्रव्य कोणत्या देशी, कोणत्या ऋतूत उपजले, कसे घेतले, कसे ठेवले, कोणता संस्कार झाला, हे पाहावयास सांगितले आहे. यातील प्रत्येक प्रश्नापुढे ‘येथे काय चुकू शकेल?’ असे लिहिले की जोखमीची यादी तयार होते. औषधउद्योगासाठी हीच पद्धत आयसीएच क्यू-9 या 2005 च्या मार्गदर्शिकेत मांडली गेली. अ‍ॅलोपॅथिक औषधांसाठी डिसेंबर 2023 मध्ये सुधारलेल्या अनुसूची ‘एम’ मध्येही ती आली आहे.

मात्र ही यादी परीक्षणाच्या दिवशी कपाटातून काढावयाची असेल, तर ती न केलेली बरी. आमच्या मते ती बॅचच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच असावी. वर सांगितलेली तक्रार बॅच क्रमांकासह भरताच प्रणालीने सालीचा लॉट, पुरवठादार आणि त्याच लॉटमधून निघालेल्या इतर बॅचेस समोर आणाव्यात. ‘बनावट साल’ या जोखमीचा अंक वाढावा, आणि सूक्ष्मदर्शकीय परीक्षण व टी.एल.सी.चा अहवाल नोंदला जाईपर्यंत तो लॉट निर्मितीस देताच येऊ नये. संगणक साल ओळखत नाही. तो विसरत नाही आणि अडवितो, एवढेच.

अंकांविषयी एक सावधगिरी. तीव्रता, वारंवारिता व चूक सापडण्यातील अडचण यांना एक ते दहा गुण देऊन गुणाकार करण्याची रीत आहे. लेबलचा रंग उडणे 3×4×4, म्हणजे 48. विषारी द्रव्याची अदलाबदल 10×1×4, म्हणजे 40. गुणाकारावर विसंबलो तर आधी लेबल सुधारू! म्हणून तीव्रता 9 किंवा 10 असलेली प्रत्येक जोखीम गुणाकार न पाहता वेगळी काढावी.

प्रणालीने अडविलेला लॉट सोडण्याचा अधिकार निर्मिती-प्रमुखाकडे नसावा, गुणवत्ता विभागाकडे असावा. (पासवर्ड भिंतीवर चिकटविलेला असेल, तर हा भेद कागदावरच राहतो.) आणि वैद्यबंधूंनी तक्रार कळविताना ‘तुमचे अरिष्ट’ एवढेच न म्हणता बाटलीवरील बॅच क्रमांक केसपेपरवर उतरवून कळवावा. तो नसेल तर उत्तम सॉफ्टवेअरलाही त्या पोत्यापर्यंत पोहोचता येत नाही.