अंगणातील कारखाना

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'मोटारसायकलची घरगुती दुरुस्ती' असे सांगितले. त्यांना थोडे नवल वाटले. ज्याची उमर कामगार चळवळीत गेली, त्याने बोनसवर बोलावे, कंत्राटी कामगारांवर बोलावे. पाना-पक्कडीवर काय बोलायचे? परंतु आमच्या मते माणूस आणि यंत्र यांची जेथे गाठ पडते, तेथे आमचा विषय सुरू होतो. मग ती गाठ कारखान्यात पडो की घरापुढच्या अंगणात.

शहाडच्या एखाद्या चाळीपुढे रविवारी सकाळी उभे राहून पाहा. दोन-तीन मोटारसायकली मेन स्टँडवर चढविलेल्या असतात. गोणपाटावर पाने ओळीने मांडलेले, एका डब्यात डिझेल, हातात जुन्या बनियनची चिंधी, आणि भोवती फुकटचा सल्ला देणारे चौघे. या मुलखात हे दृश्य उगाच दिसत नाही. शहाडला रेयॉनचा कारखाना, अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी, बदलापूरला औद्योगिक वसाहत, आणि उल्हासनगरात फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी शून्यातून उभी केलेली लहान लहान वर्कशॉपे. अशा ठिकाणी घराआड एक फिटर सापडायचाच. त्यातून कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता शहाडवरूनच जातो. पहिला पाऊस पडला की आमची तरुण मंडळी गाड्या घेऊन घाटाकडे निघतात. शनिवारी पाळी करायची, रविवारी घाट चढायचा. गाडी ही त्यांची नोकरीची सोय आहे आणि हौसही आहे.

आम्हीही याच हौसेतून गेलो आहोत. आमचे शाळेतले शिक्षण नववीत सुटले. पुढचे वाचनालयात झाले, आणि काही थोडे एका जुन्या येझदीपाशी झाले. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने गाड्या काढल्या. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. त्या गाडीची गंमत अशी की किक मारायचा आणि गिअर टाकायचा दांडा एकच. इंजिन टू-स्ट्रोक, त्यात व्हॉल्व्ह नाहीत की कॅमशाफ्ट नाही. चार पाने, एक स्क्रू ड्रायव्हर आणि पॉइंट घासायला पॉलिश पेपरचा तुकडा एवढ्यावर मनुष्य निम्मे आजार घरी बरे करू शके. ज्याला गाडीची रचना कळली त्याला कोणी सहसा फसवीत नाही, हा धडा आम्ही तेथे घेतला. पुढे वेतनकराराची कलमे वाचतानाही तोच उपयोगी पडला.

घरी करावयाच्या कामाचे आम्ही दोन भाग पाडतो. पहिला भाग तपासणीचा. हा प्रत्येकाचा हक्क आणि कर्तव्यही आहे. दुसरा भाग खोलाखोलीचा. तो ज्याच्या हाताला सवय आहे त्यानेच करावा.

तपासणीत पहिला येतो प्लग. इंजिन थंड झाल्यावर तो काढावा आणि त्याचे टोक पाहावे. फिकट तपकिरी रंग असेल तर पेट्रोल आणि हवा यांचा मेळ बरोबर आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर पाहावा, आमच्या भागातल्या धुळीने तो लवकर चोंदतो. टोक पांढरे पडले असेल तर इंजिन अति तापत आहे. ओलसर तेलकट थर असेल तर चार-स्ट्रोक गाडीत ऑइल वर चढत आहे, म्हणजे काम मेकॅनिकचे. वैद्य जीभ पाहतो, तसा हा प्रकार. प्लग परत बसविताना पहिले आटे हातानेच फिरवावेत, पाना मागाहून लावावा. हेड ॲल्युमिनियमचे असते. वाकडा आटा जोराने दाबला तर दहा मिनिटांचे काम दहा दिवसांवर जाते.

दुसरी चेन. खालच्या बाजूस दोन चाकदात्यांच्या मध्यावर ती बोटाने वर-खाली करून पाहावी. बहुतेक साध्या गाड्यांत ती वीस ते तीस मिलिमीटर हलावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक थोडे थोडे फिरवून चार ठिकाणी मोजावे, कारण चेन सर्वत्र सारखी झिजत नाही. जेथे ती सर्वांत घट्ट लागते तेथले माप खरे धरावे. फार ढिली चेन दात्यावरून उतरते आणि मागचे चाक जाम करते. फार ताणलेली चेन बेअरिंग खाते. चेन ताणल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, आणि ॲक्सलचा नट आवळला आहे ना, हे पाहिल्यावाचून उठू नये.

तिसरा ब्रेक. ड्रम ब्रेक असल्यास बाहेर एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबला असता तो खुणेच्या पलीकडे गेला की लायनर संपले. डिस्क असल्यास पॅडवरची खाच पाहावी. डिस्क ब्रेकमधील द्रव हवेतली ओल शोषून घेतो. ओल मुरलेला द्रव तापला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग दांडा दाबला तरी ब्रेक लागत नाही. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी तो बदलून घ्यावा. माळशेज उतरताना या गोष्टीची परीक्षा होते. सारा उतार मागच्या ब्रेकवर पाय ठेवून उतरणारे लायनर जाळतात. पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून उतरणारे त्याहून मोठे धाडस करतात. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे, आणि दोन्ही ब्रेक थांबून थांबून लावावेत. टू-स्ट्रोक गाडीवाल्याने तर फारच जपावे, कारण तिचे इंजिन उतारावर गाडीला फारसे धरून ठेवीत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे आम्ही हा विषय घेतला ती सांगतो.

आमचे एक सहकारी वीस वर्षे कारखान्यात मशिनवर उभे राहिले आणि अंगावर ओरखडा उमटू दिला नाही. मशिनच्या फिरत्या पट्ट्याला जाळी बसवा म्हणून व्यवस्थापनाशी भांडायला ते आमच्याबरोबर आले होते. एका रविवारी त्यांनी आपली गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिन सुरू केले, पहिला गिअर टाकला, आणि फिरत्या चेनला चिंधीने ऑइल लावू लागले. असे केल्याने काम झटपट होते, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. चिंधीचे टोक दात्यात गेले, चिंधीमागे हात गेला. दोन बोटांची पेरे तुटली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "चालू मशिनमध्ये हात घालू नये, हे मीच पोरांना शिकवतो. पण ते मशिन कंपनीचे. ही माझी गाडी ना!"

हे वाक्य आमच्या मनातून आजवर गेलेले नाही. कंपनीच्या यंत्राला आपण परके मानतो, म्हणून त्याच्यापासून जपतो. आपल्या गाडीवर आपली माया असते, आणि ती आपल्याला इजा करील असे वाटतच नाही. पण दात्याला मालक कळत नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याने २१ व्या कलमात फिरत्या भागांना कुंपण सक्तीचे केले, आणि २२ व्या कलमात चालू यंत्राजवळ काम करण्यावर बंधने घातली. त्या कलमांमागे कित्येकांच्या हातांची किंमत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा जाऊन नव्या श्रमसंहिता आल्या. परंतु फिरत्या यंत्रात हात घालू नये हे तत्त्व कोणत्याही संहितेने बदलत नाही. अंगणात मात्र निरीक्षक येत नाही. तेथे कामगार आपण, फोरमन आपण आणि निरीक्षकही आपणच. आमच्या सहकाऱ्यांना राज्य विम्याच्या दवाखान्यात उपचार मिळाले. पण इजा नोकरीच्या कामातली नव्हती, म्हणून कायम अपंगत्वाचा लाभ मिळाला नाही. तेच बोट कारखान्यात गेले असते तर मिळाला असता.

तेव्हा पहिला नियम हा: चेनला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद, किल्ली खिशात, गिअर न्यूट्रलमध्ये. चाक हाताने फिरवावे आणि चेनच्या आतल्या बाजूस ऑइल सोडावे. पाच मिनिटे जास्त लागतील, लागू द्यावीत.

दुसरा नियम आगीचा. पेट्रोलने भाग धुऊ नयेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि खोलीतल्या शेगडीपर्यंत पोचते. डिझेल वापरावे, तेही उघड्यावर आणि विडीकाडी दूर ठेवून. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस गुंगत जातो आणि त्याला कळतही नाही. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकरीने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसात शिरले की बाहेर निघत नाहीत. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी.

तिसरा नियम शेजाऱ्यांचा. जळके ऑइल गटारात ओतू नये. कारखान्यांच्या सांडपाण्याने वालधुनी काळी झाली म्हणून आपण रागावतो, आणि ते रास्तच आहे. पण आपल्या गटाराचे पाणीही शेवटी नदीलाच मिळते. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी ठाणे-भिवंडीपर्यंत पिण्यासाठी जाते. ऑइल डब्यात साठवावे आणि जुने ऑइल रीतसर घेणाऱ्याकडे द्यावे.

आता आमच्या स्वतःच्या मूर्खपणाचे एक उदाहरण. २६ जुलै २००५ च्या पावसात उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्या वस्तीत शिरल्या. आमची येझदी रात्रभर पाण्याखाली होती. पाणी ओसरताच आम्ही घाईने किक मारू लागलो. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच जाते. तेथे गाळ बसला होता. प्रत्येक किकेबरोबर तो गाळ बेअरिंगमध्ये दळला गेला. गाडी सुरू झाली नाहीच, आणि क्रँकचा खर्च मात्र अंगावर आला. खरे म्हणजे बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नये, किकही मारू नये. आधी बॅटरी सोडवावी, प्लग काढावा, एअर फिल्टर आणि पेट्रोलची टाकी रिकामी करावी, ऑइल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले असे समजावे. पुढचे काम मेकॅनिकवर सोपवावे. पूर आमच्या भागाला नवा नाही, म्हणून एवढे प्रत्येकाने पाठ करावे.

येथे कोणी म्हणेल, घरोघर दुरुस्ती झाली तर गल्लीतल्या मेकॅनिकचे पोट कसे भरणार? आमचा अनुभव उलट आहे. ज्याला आपल्या गाडीचे कळते तो मेकॅनिकची किंमत जाणतो. अडाणी गिऱ्हाईक नुसते 'काहीतरी वाजतंय' म्हणते आणि बिलावरून घासाघीस करते. जाणता मनुष्य 'तिसऱ्या गिअरमध्ये आवाज येतो, क्लच दाबला की थांबतो' असे सांगतो. मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो आणि मजुरीही सन्मानाने दिली जाते.

शिवाय नव्या गाड्यांनी घरगुती कामाची हद्द बदलली आहे. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. दोष शोधायला संगणक लागतो, तो अंगणात नसतो, आणि गल्लीतल्या मेकॅनिककडेही बहुधा नसतो. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचे पोर्टल सुरू झाले. वाहने हा त्यातला एक विभाग आहे. सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि तपासणीची साधने मालकाला आणि लहान मेकॅनिकला मिळावीत, ही मागणी आम्हांस कामगारांचीच मागणी वाटते. गाडी पैसे मोजून घेतली, पण ती उघडण्याची विद्या दुसऱ्याच्या कुलपात राहिली, तर ती मालकी अपुरी आहे.

आमचे ते सहकारी आता निवृत्त झाले आहेत. रविवारी चाळीतल्या पोरांच्या गाड्यांजवळ स्टूल टाकून बसतात. पोरे चेनकडे वळली की पहिल्यांदा हात वर करून ती दोन बोटे दाखवतात, मग म्हणतात, "किल्ली इकडे द्या." किल्ली त्यांच्या खिशात गेल्यावाचून तेथे कोणी ऑइलचा डबा उघडत नाही.

प्रत्येक चाळीला असा एक निरीक्षक लाभो, आणि तो बोटे न गमावता लाभो, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.