सीताफळाची वाट : डोंगरापासून हॉटेलापर्यंत

बालाघाटच्या डोंगरउतारावरील हलक्या, मुरमाड जमिनीत सीताफळ विशेष निगेवाचून पिढ्यान् पिढ्या वाढत आले आहे. 2016 साली बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन लाभले. मोठ्या शहरांतील हॉटेलांतून सीताफळाची बासुंदी, रबडी व आइस्क्रीम यांस चांगली मागणी असते. तथापि फळ झाडावर असते दोन-तीन महिने आणि हॉटेलास ते हवे असते बारा महिने. हे अंतर कसे भरून काढावयाचे, हा उत्पादकापुढील खरा प्रश्न होय.

तोडलेले सीताफळ तीन-चार दिवसांत पिकते आणि पिकल्यावर फार धीर धरीत नाही. साध्या शीतगृहाचा उपायही येथे चालत नाही. अति थंडीने साल काळी पडते व फळ नीट पिकत नाही. म्हणून डोळे उघडून त्यांमधील भाग पिवळसर-पांढरा दिसू लागताच फळ थोड्या देठासह तोडावे, सावलीत ठेवावे आणि पोत्यात न कोंबता उथळ क्रेटमध्ये गवताच्या थरावर मांडावे. मोठी, बिनडागी फळे ताजी विकावीत. लहान व वेडीवाकडी, परंतु निरोगी फळे गरासाठी राखावीत.

गर काढण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. बी फुटता कामा नये, कारण बियांत विषारी द्रव्ये असतात. गर आटवून टिकविण्याचा मोहही आवरावा. उष्णतेने त्यास कडवटपणा येतो. (बासुंदी करणाऱ्या गृहिणीस हे शिकवावे लागत नाही, ती दूध निवल्यावरच गर घालते.) उघडा गर काळवंडतो. तेव्हा तो त्वरित पिशव्यांत हवाबंद करून उणे 18 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानास गोठवावा आणि हॉटेलाच्या दारापर्यंत तसाच न्यावा. वाटेत वितळलेला गर पुन्हा गोठवून देणे म्हणजे गिऱ्हाईक कायमचे गमावणे होय. शीतयंत्र घेण्यापूर्वी वीज गेल्यावर चालणाऱ्या जनित्राची सोय पाहावी.

एकाच वाटेवर विसंबणे किती धोक्याचे, हे 2020 साली दिसून आले. मार्चअखेर टाळेबंदी आली. महाराष्ट्रातील हॉटेलांना ग्राहक बसवून वाढण्याची मुभा 5 ऑक्टोबरपासून, तीही निम्म्या क्षमतेने, मिळाली. तोवर सीताफळाचा हंगाम सुरू झालेला होता. ताजे फळ अशी वाट पाहू शकत नाही. गोठविलेला गर पाहू शकतो. म्हणून काही माल ताज्या बाजारास, काही हॉटेलांस व काही आइस्क्रीम उत्पादकांस, अशी विभागणी शेतकरी गटाने आधीच ठरवावी. हॉटेलाशी करावयाच्या लेखी करारात वजन, प्रत, पोचविण्याचा दिवस व पैसे देण्याची मुदत स्पष्ट असावी. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवानाही हंगामापूर्वीच काढावा.

झाडांच्या निवडीविषयी अंबाजोगाई येथील सीताफळ संशोधन केंद्राचा सल्ला घेता येईल. मजुरांची व्यवस्था मात्र गावातच करावयाची आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गर काढू इच्छिणाऱ्या स्त्रियांची नोंद पोळ्याच्या सुमारासच करावी. दसरा उलटला की ऊसतोडीसाठी निघालेल्या बऱ्याच घरांना कुलपे लागलेली असतात.