ज्याचा माल, त्याचा धक्का

दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा वाशीच्या बाजार समितीत एक फेरी मारावी. रवा, साखर, पोहे, डाळी घेऊन आलेले ट्रक गाळ्यांसमोर लागलेले असतात. शेकडो किलोमीटर इंजिनाच्या जोरावर आलेला माल इथून पुढे माणसाच्या पाठीवरून जातो. अंतर म्हणाल तर खाली चार फूट आणि आत वीस-पंचवीस पावलं. पण मालवाहतुकीतले सर्वांत जास्त कष्ट याच टप्प्यात आहेत.

ट्रकच्या हौद्याचा तळ जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच असतो. आधुनिक गोदामात त्याच उंचीचा धक्का बांधलेला असतो. ट्रक मागे घेऊन धक्क्याला लावला, मधल्या फटीवर लोखंडी पत्रा टाकला, की ढकलगाडी थेट हौद्यात जाते. माल उचलावा लागत नाही, नुसता सरकवावा लागतो. जुन्या पेठा, किराणा दुकानं, खतांची केंद्रं, बांधकामाच्या जागा इथे मात्र असा धक्का क्वचितच सापडतो.

पाठीचा धक्का

धक्का नसलेल्या जागी ट्रक रिकामा करणं हे कसबाचं काम आहे. ट्रक शक्यतो सपाट जागी उभा करायचा आणि चाकांना अडण लावायची. फाळका उघडताना समोर कोणी थांबायचं नाही, कारण वाटेतल्या हादऱ्यांनी सरकलेली थप्पी अंगावर येऊ शकते. मग टोळीतले दोघे हौद्यात चढतात आणि बाकीचे खाली राहतात. वरचे पोतं कडेला आणतात, खालचा पाठ देऊन उभा राहतो. हौद्याचा तळ त्याच्या खांद्याच्या थोडाच खाली येतो, त्यामुळे पोतं जमिनीवरून न उचलता पाठीवर घेता येतं. बांधलेला धक्का नाही तिथे माणसाची पाठच धक्का होते.

खरी जोखीम वरच्या थरांची. ते डोक्याच्याही वर असतात, म्हणून जाणती टोळी मागून पुढे पायऱ्या पाडत माल काढते. सगळा माल एकाच बाजूने उपसला तर उरलेली थप्पी ढासळते.

आता हिशेब करून पाहू. 20 टन सिमेंट म्हणजे 50 किलोच्या 400 गोण्या. वाहणारे चौघे असले तर प्रत्येकाच्या वाट्याला 100 गोण्या, म्हणजे 5 टन. गोदाम 20 मीटरवर असेल तर प्रत्येक जण 50 किलो पाठीवर घेऊन 2 किलोमीटर चालतो आणि तेवढंच अंतर रिकामा परत येतो. ट्रक 40 मीटरवर लावावा लागला तर हे सारं दुप्पट होतं. ट्रक कुठे उभा राहतो यावर हमालाचा दिवस ठरतो, आणि ती जागा ठरवणं त्याच्या हातात नसतं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली प्रौढ पुरुष कामगाराने वाहायच्या ओझ्यासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली. अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेच्या वजन उचलण्याबाबतच्या 1991च्या सूत्रात तर अगदी अनुकूल स्थितीतही 23 किलो हाच आधार धरला आहे. आपल्याकडे क्विंटलभराची गोणी पाठीवर घेणारे हमाल बाजारात सर्रास दिसत. गोणी 50 किलोवर यावी, ही हमाल संघटनांची मागणी याच कष्टांतून आली.

कायद्याची पाठराखण

हमाल एकाच दिवशी चार व्यापाऱ्यांचा माल उतरवतो. मग त्याचा मालक कोण? या प्रश्नामुळेच तो वर्षानुवर्षं भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस यांपासून वंचित राहिला. बंदरावरच्या गोदी कामगारांसाठी 1948 मध्ये केंद्राचा कायदा झाला होता. बाजारातल्या हमालाला मात्र वाट पाहावी लागली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना, म्हणजे डोक्या-पाठीवर ओझं वाहणाऱ्या कामगारांना, संघटित केलं, पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. या काळातच 1969 साली माथाडी कायदा झाला. कामगार, मालक आणि शासन यांचं मंडळ, तिथे कामगार आणि मालक दोघांचीही नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर मालकाने भरायची लेव्ही. त्या लेव्हीतून हमालाचे हक्क त्याला मिळू लागले. अनेक मालक असलेल्या कामगाराला एक मालक मिळवून देणारी ही व्यवस्था महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे.

काम न करताच पैसे उकळणाऱ्या बोगस टोळ्यांनी या कायद्याचं नाव खराब केलं, हेही खरं. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी, पण तिची झळ घाम गाळणाऱ्याला बसता कामा नये. हमाली आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचा बोजा ट्रकवाल्यावर पडू लागला, तेव्हा वाहतूकदारांनी 'ज्याचा माल त्याचा हमाल' अशी घोषणा दिली. ती रास्त आहे. मी ती आणखी एक पाऊल पुढे नेईन : ज्याचा माल, त्याचा धक्का.

काय करता येईल?

धक्का नसेल तिथे ट्रकला फळी टेकवता येते; पण लहान फळीचा उतार फार तीव्र होतो आणि ढकलगाडी हातातून सुटते. सव्वा मीटर उंचीला आठास एक असा बेताचा उतार द्यायचा तर दहा मीटर लांबी लागते. एवढी जागा नसेल तर ट्रकच्या मागे बसवलेला हायड्रॉलिक पाळणा माल अलगद जमिनीवर आणतो. गोण्यांसाठी हलता पट्टा आहे, यंत्रांसाठी हायड्रा क्रेन आहे. नवीन गोदाम बांधताना फरशी उंच करणं किंवा ट्रकची जागा उतरती करून खाली नेणं शक्य असतं; दुसऱ्या पर्यायात पावसाच्या पाण्याचा निचरा आधी बघावा लागतो. माल भरतानाही विचार हवा : जो आधी उतरायचा तो शेवटी भरायचा, म्हणजे वाटेत उलथापालथ होत नाही.

यातलं काहीच परवडत नसेल, तरी गोणी हलकी करता येते, ट्रकला दाराजवळ जागा देता येते, वाट कोरडी ठेवता येते. हे निर्णय हमालाचे नाहीत. माल पाठवणारा, माल घेणारा आणि इमारतीचा नकाशा काढणारा यांचे आहेत. नकाशा मंजूर करतानाच ट्रक कुठे लागणार आणि माल कसा उतरणार, हे विचारलं गेलं पाहिजे. धक्का एकदाच बांधावा लागतो. तो बांधला नाही, तर त्याची किंमत रोज कुणाच्या तरी मणक्यातून वसूल होत राहते.