ॲपची रंगीत तालीम : पडदा तयार होण्याआधी तो पाहण्याची सोय

आपल्या मंडळांचे कामकाज हळूहळू मोबाइलवर येऊ लागले आहे. वर्गणी, नावनोंदणी, कार्यक्रमपत्रिका यांसाठी ॲप असावे, अशी सूचना कुठल्या ना कुठल्या बैठकीत होतेच. सभासदांच्या घरातली तरुण मंडळी ते करून द्यायला तयारही असतात. पण पूर्ण झालेले ॲप ज्येष्ठांच्या हाती पडते, तेव्हा लक्षात येते की मराठी मजकूर बटणात मावत नाही किंवा मोठी अक्षरे लावली की तारीखच दिसेनाशी होते. तोवर वेळ आणि उत्साह दोन्ही संपत आलेले असतात.

हे दोष पहिल्याच आठवड्यात पाहता येतात. त्यासाठीच्या साधनाला ‘प्रिव्ह्यू’ म्हणतात. ते कसे चालते आणि मराठी ॲपसाठी त्याचा उपयोग कसा करून घ्यावा, ते या लेखात पाहू. संगणकाचे शिक्षण नसलेल्या वाचकांनाही तो समजावा, असा प्रयत्न आहे.

‘काय हवे’ ते सांगण्याची पद्धत

ॲपमधली अक्षरे, बटणे, चित्रे, म्हणजे आपल्याला दिसणारा सगळा भाग, याला इंटरफेस म्हणतात. जुन्या पद्धतीत प्रोग्रामरला एकेक कृती सांगावी लागे. कार्यक्रमाच्या जागा संपल्या, तर ‘जागा शिल्लक’ हे शब्द पूस, ‘जागा संपल्या’ असे लिही, रंग बदल, नोंदणीचे बटण लपव. यातली एखादी कृती राहून गेली की पडद्यावर विसंगती येई. जागा संपल्याचे लिहिलेले असायचे आणि खाली नोंदणीचे बटण तसेच असायचे.

नवी पद्धत ‘डिक्लेरेटिव्ह’ या नावाने ओळखली जाते. ती नाटकाच्या संहितेतल्या रंगसूचनेसारखी आहे. वाड्याची ओसरी, डावीकडे झोपाळा, कोपऱ्यात समई, एवढेच नाटककार लिहितो. झोपाळा कोणी आणायचा आणि कसा टांगायचा, हे नेपथ्यकार पाहतो. तसेच इथे प्रोग्रामर फक्त सांगतो की माहिती अशी असेल तर पडदा असा दिसावा. माहिती बदलली की पडद्यावर काय बदलायचे, हे प्रणाली स्वतः ठरवते. ‘क्यूटी’ची क्यूएमएल ही भाषा २०१० मध्ये आली. फेसबुकने २०१३ मध्ये ‘रिॲक्ट’ सर्वांसाठी खुले केले. ॲपलने २०१९ मध्ये आयफोनसाठी ‘स्विफ्टयूआय’ आणले आणि अँड्रॉइडसाठी गूगलच्या ‘जेटपॅक कंपोज’ची पहिली स्थिर आवृत्ती २०२१ मध्ये आली.

या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे. पडदा केवळ माहितीवर अवलंबून असेल, तर खोटी माहिती देऊनही तो पाहता येतो. प्रिव्ह्यू याच गोष्टीवर उभा आहे.

प्रिव्ह्यू म्हणजे काय?

पूर्वी बटणाचा रंग बदलला तरी संपूर्ण ॲप बांधायचे, फोनवर चढवायचे, पासवर्ड घालून आत शिरायचे आणि चार पडदे ओलांडून त्या बटणापर्यंत पोचायचे, असा सारा खटाटोप होता. आता ‘अँड्रॉइड स्टुडिओ’मध्ये एका बाजूला प्रोग्राम लिहिता येतो आणि शेजारीच त्याचे चित्र दिसते. त्यासाठी प्रोग्रामर एक छोटे फंक्शन लिहितो, त्यात नमुन्याची माहिती भरतो आणि वर ‘प्रिव्ह्यू’ ही खूण लावतो. ॲपलच्या ‘एक्सकोड’मध्येही ‘कॅनव्हास’ नावाच्या भागात हीच सोय आहे.

एकाच पडद्याचे कितीही प्रिव्ह्यू शेजारीशेजारी मांडता येतात. प्रत्येकाला वेगळी भाषा, अक्षरांचा आकार, पडद्याची रुंदी, उजळ किंवा गडद पार्श्वभूमी देता येते. ‘इंटरॲक्टिव्ह’ स्थितीत बटण दाबून काय होते तेही पाहता येते.

एक उदाहरण : कार्यक्रमाचे कार्ड

समजा, ॲपमध्ये कार्यक्रमाचे एक कार्ड हवे आहे. त्यावर नाव, तारीख, स्थळ, शिल्लक तिकिटे आणि नोंदणीचे बटण आहे. बहुतेक जण एकच प्रिव्ह्यू करतात. नाव छोटेसे, तिकिटे भरपूर, चित्र सुबक. त्यातून फारसे काही कळत नाही. खरी परीक्षा पुढच्या प्रसंगांत होते :

१. कार्यक्रमाचे नाव दोन-तीन ओळींचे आहे.
२. एकच तिकीट उरले आहे.
३. तिकिटे संपली आहेत.
४. या महिन्यात कार्यक्रमच नाही.
५. इंटरनेट नाही, त्यामुळे माहिती आलेली नाही.

चौथा आणि पाचवा प्रसंग हमखास विसरला जातो. मग सभासदाला कोरा पडदा दिसतो आणि कार्यक्रम नाही की ॲप बिघडले, हेच त्याला कळत नाही. प्रिव्ह्यूमध्ये हे पाचही प्रसंग एका नजरेत समोर येतात.

इथे एक तांत्रिक पथ्य आहे. कार्डाने स्वतः सर्व्हरकडे जाऊन माहिती आणू नये. माहिती बाहेरून त्याच्या हाती द्यावी. स्वतः माहिती आणणारा पडदा प्रिव्ह्यूत नीट दिसत नाही, कारण तिथे इंटरनेट मिळत नाही. हे पथ्य पाळले की माहिती आणणे आणि ती दाखवणे ही दोन कामे आपोआप वेगळी होतात आणि पुढची दुरुस्तीही सोपी जाते.

मराठीची कसोटी

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. इथे ॲप आधी इंग्रजीत किंवा हिंदीत बनते आणि मराठी शेवटी ‘घातली’ जाते. तोवर बटणांची रुंदी आणि ओळींची उंची ठरून गेलेली असते. म्हणून पहिल्या दिवसापासून एक प्रिव्ह्यू मराठीचा ठेवावा. त्यात पुढील गोष्टी पाहाव्यात.

*अक्षरे कापली जातात का?* देवनागरीत वेलांटी, रफार, अनुस्वार डोक्यावर येतात आणि उकार, ऋकार, जोडाक्षरे खाली उतरतात. रोमन लिपीच्या मापाने ओळीची उंची बांधून टाकली, तर ‘कीर्ती’ आणि ‘कृष्णा’ यांचे वरचे किंवा खालचे भाग छाटले जाऊ शकतात. नमुन्याच्या माहितीत असे शब्द मुद्दाम घालावेत.

*बटणातला मजकूर मावतो का?* इंग्रजीतले ‘सेव्ह’ चार अक्षरांत संपते. मराठीत ‘जतन करा’ असे दोन शब्द लागतात. ‘नावनोंदणी करा’ तर आणखी लांब.

*भाषांतर राहून गेले आहे का?* मराठी मजकूर दिलेला नसेल, तर तिथे ॲपच्या मूळ भाषेतला मजकूर दिसतो. मराठी प्रिव्ह्यूत मध्येच एखादा इंग्रजी शब्द डोकावला की चूक लगेच सापडते.

*एकवचन-अनेकवचन बरोबर आहे का?* ‘१ तिकीट’ आणि ‘५ तिकिटे’ यांसाठी दोन वेगळी रूपे द्यावी लागतात.

*विभक्तीचे काय?* इंग्रजीच्या धर्तीवर स्थळाच्या नावापुढे सरसकट ‘मध्ये’ चिकटवले की ‘इंदूरमध्ये’ चालून जाते, पण ‘गोवामध्ये’ आणि ‘बडोदामध्ये’ कानाला खटकते. आपण ‘गोव्यात’, ‘बडोद्यात’ म्हणतो. प्रत्येक गावाचे सामान्यरूप संगणकाला शिकवत बसण्यापेक्षा ‘स्थळ : बडोदा’ अशी वेगळी ओळ देणे सोपे. नमुन्यात एकाऐवजी तीन गावे घातली की हा दोष लगेच दिसतो.

*मोठ्या अक्षरांत काय होते?* अँड्रॉइड १४ पासून फोनवर अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. आपल्या घरातले अनेक आजी-आजोबा फोन अशाच मोठ्या अक्षरांवर ठेवतात. २०० टक्के अक्षरे, मराठी भाषा आणि अरुंद फोन, या तिन्हींचा मिळून एक प्रिव्ह्यू करावा. तिथे तारीख, स्थळ आणि बटण नीट दिसले, तर इतर ठिकाणी अडचण येण्याची शक्यता कमीच.

बैठकीत दाखवायचे प्रारूप

प्रिव्ह्यूला सर्व्हर लागत नाही आणि खरी यादीही लागत नाही. त्यामुळे काम सुरू होण्याआधी कार्डाचे दोन-तीन पर्याय करून कार्यकारिणीपुढे मांडता येतात. हवा तो प्रिव्ह्यू एकटाच फोनवर चढवूनही दाखवता येतो. फोन एखाद्या ज्येष्ठ सभासदाच्या हातात द्यावा आणि ‘कार्यक्रम कधी आहे ते सांगा’ एवढेच विचारावे. मध्ये बोलू नये, बोट दाखवू नये. त्यांना तारीख सापडायला वेळ लागला, तर मांडणी बदलावी. या टप्प्यावर बदलाला फार तर एखादा तास लागतो. ॲप पूर्ण झाल्यावर त्याच बदलाला कितीतरी दिवस लागू शकतात.

तालीम आणि प्रयोग

रंगीत तालीम कितीही चांगली झाली तरी प्रयोग वेगळाच असतो. अँड्रॉइड स्टुडिओतला प्रिव्ह्यू संगणकावर चालतो, खऱ्या फोनवर नव्हे. जुन्या फोनचा संथपणा, मराठी कळफलक उघडल्यावर झाकला जाणारा अर्धा पडदा, उन्हात न दिसणारा फिकट रंग, मध्येच तुटणारे नेटवर्क, यांतले काहीच त्यात कळत नाही. शेवटची तपासणी दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर करायलाच हवी. मात्र मांडणीचे बरेचसे दोष तोवर निघून गेलेले असतील. प्रिव्ह्यूंची चित्रे जपून ठेवून पुढच्या बदलानंतर त्यांची आपोआप तुलना करणारी साधनेही मिळतात. आज सुधारलेले उद्या बिघडले, तर तेही कळते.

आपले मंडळ ॲप करून घेणार असेल, तर करणारा घरचा असो वा बाहेरचा, पहिल्याच बैठकीत त्याच्याकडे चार प्रिव्ह्यू मागा : मराठीतला, सर्वांत मोठ्या अक्षरांचा, सर्वांत लांब नावाचा आणि काहीच माहिती नसतानाचा. यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. मराठी वाचता आली आणि आपले सभासद कोण आहेत हे ठाऊक असले, की पुरे.