घाट, दैत्य आणि क्षार : बुलढाण्यातील स्थळनामे

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे आहे. जुन्या वऱ्हाडाचे पाइनघाट आणि बालाघाट हे भाग याच उंचसखलपणावरून पडले. कारभारातून ती नावे गेली. बोलण्यात मात्र मलकापूर, नांदुरा, शेगाव अजून ‘घाटाखाली’ आणि बुलढाणा, चिखली, मेहकर ‘घाटावर’ आहेत. खुद्द बुलढाणा हे नाव ‘भिलठाणा’, म्हणजे भिल्लांचे ठाणे, यावरून आल्याचे सांगतात.

काही नावांमागे पुराणकथा आहे. पैनगंगेकाठच्या मेहकरचे नाव मेघंकर दैत्यावरून पडले, असे मानतात. त्याला मारणारा विष्णू म्हणजे शारंगधर. त्याची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती मेहकरात १८८८ मध्ये जमिनीखाली सापडली.

लोणारच्या नावात जमिनीचा गुण आणि कथा एकत्र येतात. ‘लोण’ म्हणजे मीठ, आणि इथे भूमिगत विवरात राहणारा दैत्यही लोणासुर किंवा लवणासुर. विष्णूने दैत्यसूदन रूपात पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवून त्याचा वध केला. उडालेले झाकण म्हणजे नैर्ऋत्येला सुमारे ३६ मैलांवरची धातेफळजवळची टेकडी, लोणार सरोवराचे पाणी म्हणजे दैत्याचे रक्त आणि क्षार म्हणजे त्याचे कुजलेले मांस, अशी कथेची सांगड आहे. देहाचे भूरूप झाल्याची अशी कल्पना इतरत्रही दिसते : आयर्लंडच्या केरी परगण्यात दोन जोडशिखरे आनू देवीचे स्तन म्हणून ओळखली जातात. तिथे देवीचा देह डोंगर झाला, इथे दैत्याचा देह सरोवर.

भूशास्त्रानुसार लोणारचे हे विवर बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पाण्याला बाहेर वाट नसल्याने बाष्पीभवनानंतर क्षार मागे राहतात. पूर्वी ते काढून विकले जात आणि दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा नावांनी त्यांची प्रतवारी होई. २०२० मध्ये सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला.

देवस्थानांच्या जागाही पाण्याशी बांधलेल्या आहेत. लोणारला विवराच्या काठावर गोड्या पाण्याची गोमुखाची धार आहे, तर खाली खाऱ्या पाण्यालगत कमळजादेवी. पैनगंगेच्या उगमाशी, बुलढाण्याजवळच्या मढ परिसरात बुधनेश्वर आहे. पाणी उगम पावते, साचते किंवा वळते, अशा ठिकाणी या भागात देव आणि नाव दोन्ही आढळतात.