पायाखालची जमीन खरंच सरकते!

मे महिन्यात परभणीकडच्या काळ्या रानात जा आणि एखाद्या भेगेत हात घालून बघा, कोपरापर्यंत आत जातो! मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की तीच भेग मिटते आणि चिखल पायातली चप्पल ओढून घेतो. ही करामत मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीची. तिच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ती फुगते, वाळली की आकसते. वरची माती भेगांत पडते, खालची वर येते, म्हणून काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असं म्हणतात. कापसाला ही दौलत, पण घराला ताप: पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं, उन्हाळ्यात भिंतीला तिरकी चीर जाते. म्हणून जाणते गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणायला लावतात. रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने वेगळा तोडगा काढला. काँक्रीटचा खांब खोल उतरवायचा आणि खालच्या टोकाला त्याला कांद्यासारखा फुगीर करायचा. वरची माती फुगो की आकसो, खांब खालच्या थरात पक्का रुतलेला. इतकी साधी आणि देखणी युक्ती क्वचितच सापडते.

कोकणातला जांभा खाणीत मऊ असतो, चिरे कापून उघड्यावर ठेवले की घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकानन यांनी 1807 मध्ये त्याला 'लॅटराइट' नाव दिलं, विटेच्या लॅटिन शब्दावरून.

वाळूवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. 16 जून 1964 रोजी जपानमधलं निगाता शहर भूकंपाने हादरलं. पाण्याने भरलेल्या सैल वाळूचे कण एकमेकांपासून सुटले आणि जमीन चक्क पातळ झाली. चार मजली इमारती न मोडता कलल्या, एक तर जवळजवळ आडवीच झाली!

पिसाचा मनोरा ज्या मऊ मातीमुळे कलला, तिनेच त्याला भूकंपांतून तारलं. ताठर मनोरा आणि मऊ जमीन यांच्या जोडीमुळे भूकंपाच्या हेलकाव्यांशी त्याचा ताल जुळत नाही.

अलास्कात पंचाईत वेगळी. तिथली बरीच जमीन कायम गोठलेली आणि तिच्यावरून न्यायचं तेल गरम. जमीन वितळली तर नळ खचणार. म्हणून 1977 मध्ये सुरू झालेली सुमारे 1,300 किलोमीटरची तेलवाहिनी निम्म्याहून अधिक अंतर टेकूंवर चालते. बहुतेक टेकूंत अमोनिया भरलेल्या नळ्या आहेत. हिवाळ्यात जमिनीतल्या उष्णतेने अमोनियाची वाफ होते, ती वर जाऊन थंड हवेत उष्णता सोडते आणि थेंब होऊन परत खाली उतरते. मोटर नाही, वीज नाही. उन्हाळ्यात वरची हवा तापली की हे चक्र आपोआप थांबतं.

आपलं अंटार्क्टिकातलं पहिलं ठाणं 'दक्षिण गंगोत्री' हिमाच्या थरावर उभारलं होतं, ते हिमाखाली गाडलं गेलं. मग 'मैत्री' खडकावर बांधलं. 2012 साली सुरू झालेलं 'भारती' 134 कंटेनर जोडून खांबांवर उभं केलंय. वारा आता त्याच्या पोटाखालून हिम उडवत पुढे निघून जातो.